दोघींची कंपनी, स्वतःचे पैसे, छोटं अॅप: एका मोठ्या ग्राहकासाठी ते मोठं करायचं का?

वहीपान

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, पण थोडक्यात सांगितला तर उत्तरं पण मोघम येतील म्हणून सगळं लिहिते.

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी मिळून संगीत शिकवणाऱ्यांसाठी एक छोटं वेब अॅप चालवतो. एकट्याने शिकवणारे किंवा फार तर तीन-चार शिक्षक मिळून क्लास चालवणारे, हे आमचे ग्राहक. विद्यार्थ्यांची यादी, तासांचं वेळापत्रक, हजेरी आणि फी थकली की ईमेलने आठवण, बास, एवढंच करतं ते. मोबाइल अॅप वेगळं नाही, ब्राउझरमध्ये उघडतं. गुंतवणूकदार नाही, कर्ज नाही. सुरुवातीला बाहेरची कामं घेऊन त्यातले पैसे इथे घालत होतो, आता सर्व्हर, ईमेल वगैरे सगळा खर्च अॅपच्याच पैशातून निघतो आणि वर आमच्या दोघींच्या पगाराचा साधारण अर्धा भाग सुटतो. म्हणजे धंदा चालू आहे, वाढतोय पण हळू, आणि बाहेरची कामं अजून सोडता येत नाहीयेत.

आता एक मोठी संस्था आलीये, बऱ्याच शाखा असलेली. त्यांना आमचं अॅप मनापासून आवडलंय, पण त्यांना शाखानिहाय व्यवस्था पाहिजे, शिक्षकांच्या मानधनाचा हिशोब पाहिजे, पालकांना वेगळं लॉगिन पाहिजे आणि वरच्या लोकांसाठी रिपोर्ट. पैसे वर्षाचे आगाऊ द्यायला तयार आहेत आणि रक्कम आमच्या सध्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतकी आहे! मैत्रीण म्हणते घेऊया, बाहेरची कामं बंद करता येतील. मला पण मोह होतोय, पण भीती अशी वाटते की हे सगळं घातलं तर एकट्याने शिकवणाऱ्या बाईंना पहिल्या पाच मिनिटांत जे समजतं ते मग समजणार नाही, आणि त्याच तर आम्हाला इथवर घेऊन आल्यात.

दुसरं, ओळखीचे सगळे सांगतात फ्री प्लॅन काढा, फ्रीशिवाय हल्ली कोणी वळूनही बघत नाही. आमच्याकडे फक्त ठराविक दिवसांची ट्रायल आहे.

ज्यांनी स्वतःच्या पैशावर असं काही चालवलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

जुनाखांब

वहीपान, आधी अभिनंदन, कारण खर्च निघून अर्धा पगार सुटतोय ही अवस्था बहुतेक छोट्या प्रॉडक्टना कधी दिसतच नाही. हे तुमच्याकडे आहे म्हणूनच तुम्हाला नाही म्हणायची ताकद आहे, ती आधी ओळखा.

मी बरीच वर्षं असंच एक छोटं प्रॉडक्ट सांभाळतोय. माझा अनुभव असा की फीचर बनवायला किती वेळ लागेल हे सगळे विचारतात, आणि तो खर्चाचा सगळ्यात लहान भाग असतो. एकदा ते बाहेर पडलं की ते कायमचं आपल्या अंगावर. त्याचा सपोर्ट, त्याची मदतपानं, पुढच्या प्रत्येक बदलात ते मोडलं नाही ना हे बघणं. आणि एकदा कोणी वापरायला लागलं की काढता येत नाही, लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात. ज्यांच्यामागे दुसऱ्याचा पैसा आहे ते या कामाला माणसं लावतात, तुमच्याकडे दोघींचे तास आहेत, तेच भांडवल.

आता त्यांनी मागितलेल्या गोष्टी एकेक करून बघू, कारण यादीत त्या एका ओळीच्या दिसतात.

"शाखा" म्हणजे फक्त एक ड्रॉपडाउन नव्हे. आज तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक क्वेरी (माहिती काढायची विचारणा) "हे खातं कोणाचं" एवढं एकच विचारते. शाखा आल्या की कोण काय बघू शकतं हा प्रश्न प्रत्येक पानावर उभा राहतो. शाखाप्रमुखाला दुसऱ्या शाखेची फी दिसायला नको, पण एकच शिक्षक दोन शाखांत शिकवतो, विद्यार्थी मध्येच शाखा बदलतो, मग त्याची जुनी हजेरी कुठे जाणार, थकलेली फी कोणाच्या खात्यात धरायची? एखाद्या ठिकाणी अट घालायची राहिली तर एका शाखेचा डेटा दुसरीकडे दिसला, आणि त्यात लहान मुलांची नावं आहेत.

मानधनाचा हिशोब तर मी अजिबात घेणार नाही. वेळापत्रकात चूक झाली तर लोक हसून सोडून देतात, पगारात चूक झाली तर भांडण होतं आणि ते तुमच्या इनबॉक्समध्ये येतं. पर्यायी शिक्षक, अर्धा तास, रद्द झालेला तास, आगाऊ उचल, कर... प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे. शिक्षकाने महिन्यात कुठले तास घेतले याची एक सीएसव्ही फाइल (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी यादी) द्या, पुढचं त्यांचा हिशोबनीस त्याच्या शीटमध्ये करेल. तो ते आत्ताही करतोच आहे, त्याला फक्त तास हाताने भरावे लागतात, तेवढं दुखणं तुम्ही काढून टाका.

थर्टीसेव्हनसिग्नल्सचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला उपयोगाचा भाग बऱ्याचदा राहून जातो. १९९९ मध्ये ती वेब डिझाइन करणारी कंपनी होती, क्लायंटची कामं सांभाळायला त्यांनी स्वतःपुरतं एक साधन केलं आणि २००४ मध्ये ते बेसकॅम्प म्हणून विकायला काढलं. बाहेरची कामं त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली नव्हती, प्रॉडक्ट कमावायला लागल्यावर सोडली. आणि लाँच केलं तेव्हा पैसे घ्यायची व्यवस्थाच तयार नव्हती, कारण बिल महिन्याने जाणार होतं, म्हणजे ३० दिवस हातात होते, तेवढ्यात ती बांधली. त्याच कामातून रुबी ऑन रेल्स हा वेब अॅप बनवायचा सांगाडा बाहेर काढून त्याच वर्षी सगळ्यांसाठी मोकळं केलं. बाहेरचा पैसा त्यांना कधीच शिवला नाही असं मात्र नाही, २००६ मध्ये जेफ बेझोसने त्यात छोटा हिस्सा घेतला. पण प्रॉडक्ट तोवर स्वतःच्या पायावर उभं होतं. पुढे २०१४ मध्ये तर बाकीची प्रॉडक्ट्स बाजूला ठेवून कंपनीचं नावच बेसकॅम्प केलं, आणि २०२२ मध्ये परत जुनं नाव घेतलं. हाताशी पैसा आणि माणसं असतानाही चार-पाच गोष्टी सांभाळणं त्यांना जड वाटलं, तुम्ही तर दोघीच आहात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती रक्कम तुमच्या सध्याच्या उत्पन्नाइतकी आहे म्हणजे उद्या अर्धं उत्पन्न एका ग्राहकाकडून येणार. त्याच पैशाच्या भरवशावर तुम्ही बाहेरची कामं बंद करणार. मग दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या बैठकीत ते जे मागतील ते तुम्हाला करावंच लागेल. आज प्रॉडक्ट तुमचं आहे, तेव्हा नावापुरतं तुमचं राहील.

आकडेमोड

फ्री प्लॅनबद्दल मी लिहितो, मोठ्या ग्राहकाचं जुनाखांबने नीट सांगितलंय.

मेलचिंप या ईमेल पाठवायच्या सेवेचं उदाहरण तुम्हाला नक्की कोणीतरी दिलं असेल, की बघा त्यांनी फ्री दिलं आणि मोठे झाले. तारखा बघा पण. सुरुवात २००१ ची, बाहेरची गुंतवणूक घेतली नाही, आणि फ्री प्लॅन आला २००९ मध्ये. म्हणजे कित्येक वर्षं पैसे देणारे ग्राहक सांभाळून, कोण का पैसे देतं हे कळल्यावर मग फ्री. २०२१ मध्ये इंट्युइटने ती साधारण १२ अब्ज डॉलरला घेतली ते सगळ्यांना माहीत असतं, मधली वर्षं कोणी सांगत नाही. फ्री ग्राहक सुद्धा सपोर्टला लिहितोच, आणि त्याचं ईमेल पाठवायला, त्याचा बॅकअप घ्यायला तेवढाच खर्च येतो.

उलट बाजूचं उदाहरण पिनबोर्डचं. बुकमार्क साठवायची साइट, २००९ मध्ये सुरू झालेली, पहिल्यापासून पैसे घेणारी. नोंदणीची फी अशी ठेवली होती की प्रत्येक नव्या माणसागणिक ती किंचित वाढायची, नंतर वार्षिक वर्गणी झाली. तेव्हा याच क्षेत्रात डिलिशस फुकट होती, फार लोकप्रिय होती आणि याहूच्या मालकीची होती. २०१० च्या डिसेंबरात याहू ती बंद करणार अशी बातमी फुटली आणि लोकांचा लोंढा पिनबोर्डकडे आला. मग डिलिशस हातोहात फिरत राहिली आणि २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ती ३५,००० डॉलरला विकत घेतली. फी घेतल्यामुळेच ती छोटी साइट इतकी वर्षं उभी राहू शकली असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या "वाढतोय पण हळू" कडे येतो. तुम्ही बहुतेक नवे ग्राहक किती आले हे मोजत असाल, सोडून किती गेले ते बघा. समजा महिन्याला १० नवे येतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के सोडून जातात. तर तुम्ही २०० ग्राहकांच्या पुढे जाऊच शकत नाही, कारण २०० झाले की १० येणार आणि १० जाणार. वाढ हळू वाटते कारण छत जवळ येत असतं. तेच ५ चे ३ टक्के केले तर नवा एकही जादा न आणता छत ३३३ च्या आसपास जातं. अजून एका प्रकारे बघायचं तर महिन्याला ५ टक्के म्हणजे आजच्या १०० जणांपैकी वर्षाअखेर साधारण ५४ उरतात, ३ टक्क्याला ६९. म्हणून मी म्हणेन नवीन मोठा ग्राहक मिळवायच्या आधी असलेले का जातात ते शोधा.

संगीत शिक्षकांचं मला एक वाटतं, चूक असेल तर सांगा, की यातले बरेच लोक लांब सुट्टी आली की सबस्क्रिप्शन बंद करत असतील, आणि परत सुरू करताना कंटाळा येऊन वहीवरच राहत असतील. त्यांना रद्द करण्याऐवजी "सुट्टीपुरतं थांबवा" असं बटण द्या, डेटा जसाच्या तसा, पैसे नाहीत किंवा अगदी नाममात्र, आणि परत कधी सुरू करायचं ती तारीख तेव्हाच विचारून घ्यायची. आणि काही लोक जाणूनबुजून जातच नाहीत, त्यांचं कार्ड संपतं किंवा बँक व्यवहार नाकारते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही दिवसांच्या अंतराने परत प्रयत्न करणं आणि साध्या भाषेत एक मेल पाठवणं एवढ्याने त्यातले बरेच वाचतात.

वार्षिक प्लॅन पण ठेवा. कार्डवर दर व्यवहारामागे टक्केवारी अधिक एक ठरलेली रक्कम कापली जाते, छोट्या मासिक बिलातून ती ठरलेली रक्कमच मोठा लचका तोडते, वर्षाला एकदाच घेतलं तर ती एकदाच जाते. फक्त आगाऊ आलेले पैसे सगळे आजच कमावले असं धरू नका, उरलेल्या महिन्यांची सेवा देणं बाकी असतं, कोणी मध्येच परत मागितले तर द्यायला हवेत.

मधलीओळ

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कोणीतरी मांडायला हवं म्हणून लिहिते. मी प्रोग्रामर नाही, मी असली अॅप्स वापरणारी आहे, ऑफिस सांभाळते.

"साधं ठेवा, नाही म्हणा" हे ऐकायला चांगलं आहे, पण बनवणाऱ्याच्या बाजूने चांगलं आहे. मी एका छोट्या कंपनीचं असंच सुटसुटीत साधन वापरत होते, त्यांना काही विचारलं की उत्तर यायचं आम्ही मुद्दाम साधं ठेवतो. माझं काम अडलेलं असायचं, आणि शेवटी सोडताना कळलं की डेटा एकत्र बाहेर काढायची सोयच नाही, पान-पान उघडून उतरवून घ्यावं लागलं. साधेपणा त्यांचा आणि कष्ट माझे, हे बरोबर नाही.

लोक गंमत म्हणून फीचर मागत नाहीत हो. मागताना ते उपाय सांगतात, त्रास सांगत नाहीत, आणि तो त्रास विचारून घेणं हे तुमचं काम आहे. पालकांना लॉगिन पाहिजे म्हणतात ना, मग विचारा की शेवटचं असं कधी वाटलं, त्या दिवशी नक्की काय झालं होतं. मला जवळजवळ खात्री आहे की उत्तर येईल, पालक सारखे फोन करून विचारतात की उद्या तास आहे का. त्याला लॉगिन कशाला? लॉगिन दिलं तर पासवर्ड विसरले म्हणून फोन येतील, आई-वडील दोघांना वेगळं पाहिजे म्हणतील. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाची एक खाजगी लिंक द्या जी पालक आपापल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये एकदाच जोडतील. माझ्या ऑफिसात मीटिंगरूमचं असंच आहे, कोणी मला विचारायला येत नाही आता.

तसंच रिपोर्ट. वरच्या लोकांना रिपोर्ट पाहिजे म्हणजे काय पाहिजे? कदाचित त्यांना महिन्यातून एकदा दोनच आकडे बघायचे असतात, किती मुलं आहेत आणि किती फी थकलीये. तेवढा एक मेल महिन्याच्या पहिल्या तारखेला गेला तर त्यांना लॉगिन पण करावं लागणार नाही, आणि तो मेल एकट्याने शिकवणाऱ्या बाईंना पण आवडेल.

म्हणजे मी नाही म्हणा असं म्हणत नाहीये. ऐका पूर्ण, आणि मग त्यांनी मागितलेल्यापेक्षा लहान पण नेमकं काहीतरी द्या.

आणि एक विनंती, ग्राहक म्हणून. दोन माणसांच्या कंपनीवर काम टाकताना आम्हाला धाकधूक असते की उद्या हे बंद झालं तर. खरं तर मोठ्यांचं पण तसंच आहे, गुगलने रीडर हे साइट्सवरचं नवं लिखाण एकत्र वाचायचं साधन १ जुलै २०१३ ला बंद केलंच ना, एवढे लोक वापरत असताना. पण निदान सगळा डेटा एका क्लिकवर काढता येतो आणि बंद करायची वेळ आली तर इतके महिने आधी सांगू, हे दोन्ही तुमच्या साइटवर ठळक लिहा. माझ्यासारखीला निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

रात्रपाळी

मधलीओळ +१, एक्स्पोर्टचं तर शंभर टक्के.

मी सर्व्हरच्या बाजूने लिहितो. मोठी संस्था आली की फीचरच्या यादीमागून अजून एक कागद येतो, त्यात अपटाइमची (अॅप किती वेळ चालू राहील याची) हमी, सुरक्षेची प्रश्नावली, त्यांच्या लॉगिन व्यवस्थेशी जोडणी, काय काय असतं. त्यात कोणीतरी सहज ९९.९ टक्के लिहून टाकतं. ९९.९ म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात फक्त ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. एरवी तुमचं अॅप तेवढं सहज चालत असेल, पण दोघी झोपलेल्या असताना एक डिस्क भरली की सकाळपर्यंत ती मुभा संपली, आणि करारात दंड असेल तर तो भरायचा. दोघींनी आळीपाळीने रात्री जागायचं नसेल तर असल्या हमीवर सही करू नका, "कामाच्या वेळेत इतक्या तासांत उत्तर देऊ" एवढंच लिहा आणि ते पाळा.

तांत्रिक बाजू जितकी कंटाळवाणी तितकं चांगलं. एक सर्व्हर, एक डेटाबेस, सर्व्हरवर बनणारं साधं एचटीएमएल. दोघींना अॅपचे दहा वेगळे तुकडे (मायक्रोसर्व्हिस) आणि ते सांभाळणारं क्युबरनेटीस लागत नाही, खरंच लागत नाही. एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसची स्वतःची वेबसाइट एसक्यूएलाइटवरच चालते आणि त्यांनीच लिहिलंय की दिवसाला ४ ते ५ लाख रिक्वेस्ट ती घेते. शिक्षकांचं वेळापत्रक दाखवायला तुम्हाला याच्या आसपास पण जावं लागणार नाही. पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस असेल तर उत्तमच, आहे ते बदलू नका.

वेळ घालवायचाच असेल तर दोन ठिकाणी घाला. पहिलं बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे फाइल तयार होते एवढं नाही, ती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते का आणि त्यातून कोऱ्या मशीनवर अॅप उभं राहतं का हे ठरलेल्या दिवशी करून बघायचं. आणि ते दोघींपैकी जिने ते लिहिलं नाही तिने करायचं, लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून. एक आजारी पडली किंवा रजेवर गेली तर दुसरीला सगळं येतं का, याची परीक्षा पण त्यातच होऊन जाते.

दुसरं ईमेल. तुमचं अर्धं प्रॉडक्टच फीच्या आठवणीचं मेल आहे, ते स्पॅममध्ये गेलं तर ग्राहकाच्या लेखी अॅप बंदच. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही नीट लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनी नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीचे आहेत. तुम्ही त्या आकड्याच्या खाली असाल, पण आत्ता लावायला अर्धा दिवस जातो आणि एकदा डोमेनचं नाव खराब झालं की सुधारायला फार काळ जातो. आठवणीची मेल आणि "आमचं नवीन फीचर बघा" वाली मेल वेगवेगळ्या सबडोमेनवरून पाठवा, म्हणजे दुसऱ्याला कोणी स्पॅम म्हटलं तर पहिलं बुडत नाही.

वहीपान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला पण वाचायला दिलं, काल रात्री आम्ही यावरच बोलत बसलो होतो.

आकडेमोड, तुमचा अंदाज बरोबर निघाला. रद्द करणाऱ्यांची यादी काढली तर त्यातला मोठा गट सुट्टीच्या तोंडावर गेलेला आहे आणि त्यातले फार थोडे परत आलेत. आम्ही समजत होतो की त्यांना दुसरं काही चांगलं मिळालं.

मधलीओळ, तुम्ही सांगितलं तसं त्या संस्थेच्या बाईंना विचारलं की पालकांचं लॉगिन का पाहिजे, शेवटचं कधी अडलं. जवळजवळ तेच उत्तर! तास रद्द झाला की प्रत्येक पालकाला फोन करावा लागतो, त्यात त्यांच्या एका माणसाची संध्याकाळ जाते. मानधनाबद्दल मात्र त्या ठाम आहेत. आणि शाखांचं काय करायचं हे अजून कळत नाहीये. पूर्ण नाही म्हणायला जीव होत नाही, माणसं चांगली आहेत आणि पैशाची गरज खोटी नाहीये.

जुनाखांब

पूर्ण नाही म्हणूच नका. शाखा कोडमध्ये न घालता विकता येतात. प्रत्येक शाखा म्हणजे आजचं एक साधं स्वतंत्र खातं, जसं ते तीन-चार शिक्षकांच्या क्लासला देता तसंच. बिल मात्र सगळ्यांचं मिळून एकच जाईल. वरच्या लोकांना प्रत्येक खात्याचा तो महिन्याचा मेल, दोन आकड्यांचा. दोन शाखांत शिकवणाऱ्या शिक्षकाला दोन खाती दिसतील, हे थोडं गैरसोयीचं आहे हे मान्य, आणि ते त्यांना आधीच स्पष्ट सांगायचं. त्यांना तेवढ्यात चालत असेल तर तुम्ही काहीच वेगळं न बांधता तो ग्राहक घेतलात.

मानधनावर ठाम आहेत तर तासांची सीएसव्ही दाखवा, त्यांच्या हिशोबनिसाला समोर बसवून. ठाम असतं ते बहुतेक त्या टेबलावर न बसणारं माणूस.

आणि सगळ्या शाखा एकदम घेऊ नका. आधी एक शाखा, नेहमीच्या दरात, सूट न देता, एक सत्रभर. त्यांनाही कळेल आणि तुम्हालाही कळेल की ते किती वेळा फोन करतात. करारात दोन गोष्टी असू द्या, एक म्हणजे त्यांच्यासाठी जे काही बनवाल त्याचा कोड तुमचाच राहील आणि इतर ग्राहकांना देता येईल, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडून येणारा पैसा कितीही असला तरी प्रॉडक्टमध्ये काय जाईल ते तुम्ही ठरवाल. दुसऱ्या वाक्यावर ते अडले तर पुढे काय होणार होतं ते आजच कळलं.

बाहेरची कामं मात्र लगेच बंद करू नका. त्या एका ग्राहकाला वगळून उरलेल्यांच्या पैशात दोघींचं भागतंय असं दिसेल तेव्हा करा.

वहीपान

हे दोघींनाही पटलं. आज त्यांना असंच लिहून पाठवलंय, एक शाखा, नेहमीचा दर, तासांची सीएसव्ही, महिन्याचा मेल, आणि काय नाही मिळणार ते पण त्याच मेलमध्ये सरळ लिहिलंय. उत्तर यायचंय. त्यांचं काही का होईना, सुट्टीचं बटण आम्ही लगेच करतोय आणि डेटा एक्स्पोर्टची लिंक मदतपानातून काढून सेटिंगच्या पहिल्या पानावर आणली.

फ्री प्लॅनचा विषय सोडून दिला, ट्रायल आहे तशी राहील.

आता कॅलेंडरच्या लिंकवर बसलेय. आमच्याकडे सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) साठवलेल्या आहेत. दर आठवड्याचा तास आयकॅलेंडर फाइलमध्ये (फोनची कॅलेंडर वाचतात त्या स्वरूपात) कसा द्यायचा, कोणी केलंय का? काही ग्राहकांकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे होतं.

रात्रपाळी

केलंय. झालेल्या गोष्टींची वेळ, म्हणजे हजेरी कधी लागली, पैसे कधी आले, ती यूटीसीतच ठेवा. पण दर मंगळवारी पाचचा तास हा घड्याळातल्या पाचला असतो, यूटीसीतल्या एका क्षणाला नसतो. तो यूटीसीत ठेवून दर आठवड्याला पुढे ढकलला तर घड्याळ बदललं की अर्ध्या वर्षासाठी तो चारला नाहीतर सहाला दिसायला लागतो. म्हणून पुढच्या तासांसाठी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं पूर्ण नाव असं दोन्ही साठवा, नुसता अधिक-उणे तासांचा आकडा नको, तो घड्याळाबरोबर बदलतो.

फाइलचं स्वरूप आरएफसी ५५४५ या इंटरनेट मानकाच्या कागदात आहे, २००९ चं. कंटाळवाणं वाचन आहे पण तुम्हाला त्यातलं थोडंच लागेल. दर आठवड्यासाठी आररूल, रद्द झालेल्या तारखेसाठी एक्सडेट. प्रत्येक तासाचा यूआयडी (ओळखक्रमांक) एकदा ठरवला की कधीच बदलू नका, नाहीतर फोनमध्ये एकच तास दोनदा दिसतो. लिंकमध्ये लांबलचक रँडम टोकन (अंदाज न येणारी अक्षरं) ठेवा आणि ते बदलायचं एक बटण द्या, कारण कोणीतरी ती लिंक ग्रुपवर टाकणारच. त्या फाइलमध्ये मुलाचं आडनाव, फी वगैरे काही घालू नका, "गायन तास" एवढं पुरे.

आणि एक महत्त्वाचं, जोडलेलं कॅलेंडर किती वेळाने ताजं होतं हे तुमच्या हातात नसतं, गुगल कॅलेंडर तर कित्येक तास घेतं. त्यामुळे आजचा तास आजच रद्द झाला तर लिंकच्या भरवशावर राहू नका, पालकांना मेल त्याच क्षणी गेलं पाहिजे. त्या संस्थेच्या माणसाची संध्याकाळ त्या मेलनेच वाचणार आहे, म्हणून आधी ते करा, लिंक नंतर.